वाचकांचे प्रश्न : रबरी बोटीच्या इंजिनाला कोणता पंखा घ्यावा?

प्रश्न : आमची ३.३ मीटर लांबीची, हवा भरायची रबरी बोट असून तिला ९.९ एचपीचे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन आहे. मालवणात दांडीच्या किनाऱ्याजवळ ओहोटीच्या वेळी पंखा (प्रोपेलर) खडकाला लागला. एक पाते वाकले, दुसऱ्याचा टवका उडाला. जुन्या पंख्यावर ९¼ × ९ असा आकडा आहे. दुकानदार म्हणतात, १० पिचचा घ्या, वेग वाढेल. मित्र म्हणतो, स्टेनलेस स्टीलचाच घ्या. पंखा शाबूत होता तेव्हा पूर्ण थ्रॉटलवर दोघे असताना इंजिन मिनिटाला ५,६०० फेरे घेत असे, चौघे बसल्यावर मात्र ४,९००च्या पुढे जात नसे. पुस्तिकेत ५,००० ते ६,००० फेरे दिले आहेत. बहुतेक वेळा आम्ही चौघे असतो. काय घ्यावे?

उत्तर : फेऱ्यांचे आकडे आपण टिपून ठेवलेत हे फार चांगले केलेत, कारण उत्तर त्यांतच आहे. आपण ९¼ इंच व्यासाचा, ८ पिचचा, ॲल्युमिनियमचा पंखा घ्यावा.

पंख्यावरचा पहिला आकडा व्यासाचा आणि दुसरा पिचचा असतो, दोन्ही इंचांत. लाकडात स्क्रू शिरतो तसा पंखा पाण्यात न घसरता शिरला असता, तर एका फेऱ्यात तो जितका पुढे गेला असता ते अंतर म्हणजे पिच. प्रत्यक्षात पाणी मागे सरकते आणि पाव हिस्सा अंतर सहज वाया जाते. म्हणून जास्त पिच म्हणजे जास्त वेग हा हिशेब कागदावरच खरा ठरतो. जास्त पिचचा पंखा फिरवायला इंजिनात ताकद शिल्लक असेल, तरच तो हिशेब पाण्यावर खरा उतरतो. आपल्या इंजिनात चौघांच्या वजनाखाली ती शिल्लक नाही, हे ४,९०० हा आकडाच सांगतो.

पिच एक इंचाने कमी केला की पूर्ण थ्रॉटलवर साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. म्हणजे ८ पिचवर चौघे असताना इंजिन ५,१००च्या आसपास येईल आणि दोघे असताना ५,८००च्या आसपास राहील. दोन्ही आकडे पुस्तिकेतल्या मर्यादेत बसतात. १० पिच लावल्यास चौघांसह फेरे ४,७००पर्यंत उतरतील. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटावी तसे ते इंजिन रखडत चालते, पिस्टन आणि बेअरिंगवर ताण येतो, कार्बन साचतो, आणि वेग वाढण्याऐवजी बोट पाण्यावर उचललीच जात नाही. मी स्वतः एकदा हाच मोह धरून मोठ्या पिचचा पंखा लावला होता. संपूर्ण हंगाम बोट नाक वर करून पाणी कापत राहिली आणि पेट्रोल मात्र जास्त लागले.

स्टेनलेस स्टीलचे पाते पातळ आणि ताठ असते, त्यामुळे उघड्या, खोल पाण्यात ते उत्तम काम करते. परंतु आपल्याकडे खडक आणि खाडीच्या मुखाशी जागा बदलणारी वाळू यांतूनच ये-जा करावी लागते. ॲल्युमिनियमचे पाते स्वतः वाकते आणि धक्का तिथेच जिरतो. स्टीलचे पाते तोच धक्का शाफ्ट व गिअरकडे पोचवण्याची शक्यता जास्त. पंखा बदलणे गिअर बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

पैसे देण्यापूर्वी जुना पंखा दुकानात सोबत न्यावा आणि आतल्या स्प्लाइनचे, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या खाचांचे, दाते मोजून जुळवावेत. एचपी सारखी असली तरी प्रत्येक कंपनीचा पंखा दुसऱ्या कंपनीच्या शाफ्टवर बसतोच असे नाही.

आणखी एक गोष्ट नवा पंखा चढवण्याआधीच करावी. किल स्विचची (इंजिन तत्काळ बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढा, स्पार्क प्लगची वायर सोडवा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि पंखा उतरवून शाफ्टच्या टोकाशी एक काडी स्थिर धरून शाफ्ट हाताने हळूहळू फिरवा. काडी आणि शाफ्ट यांमधली फट कमी-जास्त होत असेल तर शाफ्ट वाकला आहे आणि नव्या पंख्याने काहीही साधणार नाही. त्याच वेळी वॉशरच्या मागे पाहा : जाळ्याचा तंगूस (नायलॉनचा दोरा) तिथे घट्ट गुंडाळलेला सापडतो, तो ऑइल सील कापतो आणि आत पाणी शिरून गिअरचे तेल दुधासारखे पांढरट होते. तेल तसे दिसल्यास आधी सील बदलावे.

रबरी बोटीच्या बाबतीत हवेकडेही लक्ष द्यावे. उन्हात कडक वाटलेली बोट पाण्यात उतरताच थंड होऊन मऊ पडते, तळ वाकतो आणि फेरे नाहक कमी दिसतात. म्हणून पाण्यात उतरवल्यावर पुन्हा पंप मारून मगच मोजमाप घ्यावे.

पंखा बसवताना स्प्लाइनला मरीन ग्रीस लावावे आणि स्प्लिट पिन नवीच घालावी. नंतर भरतीच्या वेळी, चौघांना आणि नेहमीच्या सामानाला घेऊन, मोकळ्या पाण्यात पूर्ण थ्रॉटलवर फेरे पाहावेत. तेव्हाही ते ५,०००च्या खाली राहिले, तर आणखी एक इंच पिच कमी करावा.