पहिल्यांदा एमआरआयला जाताय?
माझे तीन एमआरआय झालेत, म्हणून कळकळीने सांगते. अंगातल्या धातूबद्दल काहीही लपवू नका: पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट, अगदी वेल्डिंग करताना डोळ्यात गेलेला कणसुद्धा. मशीनमधला चुंबक बहुधा १.५ किंवा ३ टेस्लाचा (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) असतो आणि स्कॅन चालू नसतानाही तो ओढतच असतो. त्वचेवर औषधाची पट्टी असेल तर तीही दाखवा. काही पट्ट्यांत धातूचा पातळ थर असतो, त्याने भाजू शकतं. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र जास्त स्पष्ट यावं म्हणून शिरेतून टोचतात ते औषध, देणार असतील तर किडनीचा त्रास किंवा गरोदरपण आधीच कळवा. यात क्ष-किरण नसतात, ती भीती सोडा. आवाज मात्र ठोकल्यासारखा येतो, कानात घालायला बोळे मागून घ्या. कोंडल्यासारखं वाटेल अशी धास्ती असेल तर आत सरकण्याआधीच डोळे मिटा, मी तसंच करते. हातात दिलेला रबरी फुगा दाबला की तंत्रज्ञ लगेच विचारपूस करतात.