नुनला निघण्याआधी

मामा-भाच्याच्या डोंगरावर पाठीला वजन बांधून चढतोयस, ते सोडू नकोस. पण नुन शिखर ७१३५ मीटर, आणि तेही लडाखच्या कारगिल जिल्ह्यात. तिथे नुसता दम पुरत नाही रे. मे २०२५ मध्ये श्रीनगर आणि लेह, दोन्ही विमानतळ काही दिवस बंद होते! म्हणून तिकीट बदलता येईल असंच काढ, चार दिवस जादा धर, आणि पदुम-मनाली हा परतीचा दुसरा रस्ता नकाशावर आत्ताच बघून ठेव. आपलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड घे. सॅटेलाइट फोन परवान्याशिवाय अजिबात नेऊ नकोस, थेट गुन्हा दाखल होतो. इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनकडे चढाईच्या परवानगीचा अर्ज लवकर कर. आणि घरी आईला रोजचा मुक्काम लिहून दे, माझा नंबरही.