समुद्रतळाचे नकाशे करायचे आहेत, पण गणित सुटलंय

प्रश्न: मी प्राणिशास्त्रात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. समुद्रतळावरचे अधिवास आणि तिथली जीवसृष्टी यांचे नकाशे करणाऱ्यांबद्दल वाचल्यापासून मला तेच करायचंय. पण बारावीला गणित नव्हतं, पोहता येत नाही आणि बोट लागते. आई म्हणते, हा छंद झाला, नोकरी कुठाय? काय करू?
– एक विद्यार्थिनी

उत्तर: पोहणं आणि बोट हे दोन्ही आधी मिटवून टाकू, कारण त्यांच्यात फारसं काही नाही. साध्या स्कूबाची, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन मारलेल्या बुडीची, मर्यादा ४० मीटरच्या आसपास, आणि महासागरांची सरासरी खोली सुमारे ३७०० मीटर. म्हणजे या कामाचा बहुतेक भाग पाण्यात न उतरताच होतो. जहाजाखाली बसवलेला सोनार, केबलवर सोडलेला कॅमेरा, वरून चालवलेलं आरओव्ही हे पाण्याखालचं यंत्र यांच्याकडून. तरी पोहायला शिकून घे. मोहिमेवर जाण्याआधी वैद्यकीय तपासणी आणि समुद्रात जीव वाचवण्याचं प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी लागतं. बोट लागण्याचा त्रास बहुतेकांना काही दिवसांत कमी होतो, काहींना होत नाही. ती मंडळीही या क्षेत्रात टिकून आहेत, कारण एका मोहिमेत गोळा केलेलं साहित्य प्रयोगशाळेला कित्येक महिने पुरतं. नकाशाकार मेरी थार्प यांनी अटलांटिकच्या मधल्या पर्वतरांगेतली खचदरी ओळखली ती इतरांनी आणलेले खोलीचे आकडे कागदावर उतरवता उतरवता. स्त्री म्हणून त्यांना १९६८ पर्यंत संशोधन-जहाजावर पाऊलच ठेवू दिलं नव्हतं, ही त्यातली संतापजनक बाजू.

आता काम कसं चालतं ते बघ, कारण तुझी निवड त्यातच आहे. मल्टीबीम सोनार जहाजाखाली पंख्यासारखे ध्वनिकिरण सोडतो. प्रतिध्वनी किती वेळानं आला यावरून खोली कळते आणि तो किती जोरकस आला यावरून तळ खडकाळ की चिखलाचा याचा अंदाज बांधता येतो. या दुसऱ्या मोजमापाला बॅकस्कॅटर म्हणतात. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो, पण तापमान, क्षारता आणि दाब बदलला की तोही बदलतो. ही दुरुस्ती चुकली तर सपाट तळ कडांना वाकलेला दिसतो आणि कुणी तरी त्याला दरी समजून बसतं. शिवाय ४००० मीटर खोलीवर एक अंशाचा किरण तळाचा सुमारे ७० मीटर रुंदीचा तुकडा एकदम पाहतो. त्यात दहा मीटरचा प्रवाळांचा ताटवा कुठून दिसणार?

म्हणून खाली जाऊन खात्री करावी लागते. कॅमेरा सोडायचा, ग्रॅब किंवा बॉक्स कोअरर या तळाचा तुकडा उचलणाऱ्या उपकरणांनी चिखल वर आणायचा, तो अर्ध्या किंवा एक मिलिमीटरच्या चाळणीवर धुवायचा आणि उरलेले कृमी, शिंपले, ठिसूळतारे (ताऱ्यासारखे, बारीक हातांचे प्राणी) सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून ओळखायचे. मग त्या मोजक्या ठिकाणांवरून, खोली, उतार आणि तळाचा पोत जुळवत, बाकीच्या भागात कोण राहत असेल याचं सांख्यिकी मॉडेल करायचं. रंगीत अधिवास-नकाशातला बराचसा रंग हा असा अंदाज असतो. कोणत्या भागात तो किती भरवशाचा आहे हे सोबत न दाखवणाऱ्या नकाशावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

म्हणजे इथे दोन कसब आहेत, ध्वनीचं आणि जीवांचं. दोन्ही थोडं थोडं येणाऱ्याला काम मिळणं अवघड जातं. एकात पक्कं असावं आणि दुसऱ्याची भाषा समजावी. ध्वनीच्या बाजूला हायड्रोग्राफीचे, म्हणजे समुद्र मोजण्याच्या शास्त्राचे, आंतरराष्ट्रीय मान्यतेचे कॅटेगरी ए आणि बी अभ्यासक्रम आहेत. नोकऱ्या त्या बाजूला जास्त आहेत, पण त्यांना गणित आणि भौतिकशास्त्राचा पाया हवा. तो रस्ता तुझा नाही.

तुझा रस्ता चिखलातल्या प्राण्यांचा. हा दुय्यम पर्याय समजू नकोस. प्रशांत महासागरातल्या क्लॅरियन-क्लिपरटन पट्ट्यात धातूंच्या गोळ्यांसाठी खाणकामाचा विचार चालू आहे. तिथल्या प्रजातींपैकी सुमारे ९० टक्क्यांना अजून शास्त्रीय नावच नाही, असा अंदाज २०२३ मधल्या एका आढाव्यानं मांडला. नाव देणारी माणसं कमी आहेत. पॉलिकीट (अंगावर राठ केस असलेले वलयी) कृमी नीट ओळखणारा माणूस तर शोधावा लागतो. ‘आता संगणकच फोटोवरून ओळखतो’ असं कुणी म्हणेल. त्या संगणकाला शिकवायला माणसांनी नावं लावलेले फोटो लागतात, आणि एकाच फोटोवर दोन जाणकार वेगवेगळी नावं लावतात हा तिथला रोजचा वाद आहे.

गणिताचं म्हणशील तर कलनशास्त्रावाचून तुझं अडणार नाही, संख्याशास्त्रावाचून मात्र नक्की अडेल. नमुना कसा घ्यायचा, प्रतिगमन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधायची पद्धत), मॉडेल तपासायचं कसं, एवढं तरी हवंच. त्यासोबत आर ही संगणकभाषा आणि क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर. दोन्ही फुकट आहेत, आणि रोज तासभर बसलीस तर वर्षभरात हात बसेल.

आईंच्या प्रश्नाचं उत्तर गोड करून सांगत नाही. कायम जागा थोड्या, संशोधनातली कामं बहुधा दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पांची, आणि स्वतःचं संशोधन चालवायचं तर पीएचडी लागतेच. पण समुद्रातल्या पवनचक्क्या, केबल, बंदरं यांच्याआधी तळाची पाहणी करावी लागते. ती करणाऱ्या सल्लागार संस्थांना नमुने ओळखणारे आणि नकाशे करणारे हवे असतात, तिथे एमएस्सी पुरते. क्यूजीआयएस आलं की जमिनीवरचं कामही मिळतं, हे आईंना जरूर सांग. समुद्राच्या बाजूचं कामही लवकर संपणारं नाही. सगळ्या समुद्रतळाचा नकाशा करण्याचा सीबेड २०३० प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला, आणि २०२५ च्या मध्यापर्यंत जगाच्या समुद्रतळाचा सुमारे २७ टक्केच भाग आधुनिक पद्धतीनं मोजून झाला होता. तीही फक्त खोली. तिथे राहतं कोण, ही माहिती त्याहून फार कमी जागांची आहे.

अर्ज भरण्याआधी दोन गोष्टी कर. जेबको या संस्थेचा जागतिक खोलीचा डेटा उतरवून घे आणि एखाद्या सागरी पर्वताचा उतार व खडबडीतपणा क्यूजीआयएसमध्ये काढून बघ. मग ओकिआनोस एक्सप्लोरर या संशोधन-जहाजावरून सोडलेल्या आरओव्हीच्या एका डाइव्हचं (बुडीचं) पूर्ण चित्रण, मध्ये न पळवता, वही घेऊन बघ. तासन्‌तास चिखलच दिसेल. दिसेल तो प्रत्येक प्राणी, वेळ आणि खोली लिही. तीन तासांनी कंटाळून बंद केलंस, तर प्राणिशास्त्रात इतर पुष्कळ वाटा आहेत, त्यांबद्दल बोलू.

वही भरली, तर एमएस्सीचे अभ्यासक्रम निवडताना प्रत्येक विभागाला विचार: विद्यार्थी स्वतः नमुने चाळतात का, जहाजावर किती दिवस मिळतात, आणि वर्गीकरण शिकवणारी व्यक्ती विभागात आहे की पाहुणी म्हणून येते? उत्तरं आली की यादी मला पाठव.