बुडालेल्या युद्धनौकेतून वाचलेले

प्रश्न : १९४५ मध्ये बुडालेल्या ‘इंडियानापोलिस’ या अमेरिकी युद्धनौकेवरील बहुतेक खलाशी शार्क माशांनी मारले, हे खरे का? वाचलेल्यांचे पुढे काय झाले?

उत्तर : शार्कची कथा जरा जास्तच रंगवली जाते. ३० जुलैला जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोंनी नौका सुमारे १२ मिनिटांत बुडाल्यावर पाण्यात पडलेल्या सुमारे ९०० जणांपैकी अनेकांचा बळी जखमा, ऊन आणि तहान यांनी घेतला. समुद्राच्या पाण्यातील मीठ बाहेर टाकण्यासाठी मूत्रपिंडांना प्यायलेल्याहून अधिक पाणी खर्चावे लागते, त्यामुळे ते पिणाऱ्यांची तहान वाढून त्यांना भ्रम होऊ लागले. २ ऑगस्टला गस्तीच्या विमानाला ते योगायोगानेच दिसले. वाचलेल्या ३१६ जणांच्या शरीरावरील जखमांवर प्रशांत महासागरातील पेलेलिउ व ग्वाम या बेटांवर उपचार झाले. मनाच्या जखमांविषयी मात्र अनेकांनी वर्षानुवर्षे घरीही अवाक्षर काढले नाही.