दोन स्टेशनं हातात ठेव

प्रिय पोरी,

तू लिहितेस की ऑगस्टमध्ये तुला तीन दिवस मोकळे आहेत, नॉर्थ यॉर्क मूर्सवर (उत्तर इंग्लंडमधल्या उंच माळांवर) सायकलने फिरायचंय, आणि मित्र म्हणतोय की कारवर सायकली टाकून थेट माथ्यावर जाऊ, तिथून चक्कर मारू आणि संध्याकाळी परत कारपाशी येऊ. तू अडलीस ती इथे. कार घ्यावी का, नवी सायकल घ्यावी का आणि एकटीला जमेल का, असे तुझे तीन प्रश्न आहेत. तिसऱ्याचं उत्तर तुझं तुला ठाऊक आहे, त्यावर शाई घालवत नाही.

कार नको. कार एका जागी उभी केलीस की सहलीला एकच शेवट उरतो. पाऊस आला, गुडघा धरला, स्पोक तुटला, तरी त्याच जागी परत यायचं. तू लीड्सला राहतेस, तुझ्या दाराशी रेल्वे आहे. तेव्हा एकच नियम पाळ: दिवसाच्या कुठल्याही क्षणी दोन स्टेशनं हातात हवीत. एक पुढचं, एक मागचं. दोन्हींचं अंतर आणि दोन्हीकडची पुढची ट्रेन कागदावर लिहिलेली हवी, कारण दऱ्यांमध्ये फोनला रेंज नसते. वाट नंतर आखायची, आधी स्टेशनं.

आता हे नकाशावर बघ. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशासंस्थेचे १:२५,००० चे दोन नकाशे लागतील, पश्चिमेसाठी क्रमांक ओएल २६ आणि पूर्वेसाठी ओएल २७. मिडल्सब्रोला ट्रेन बदलून एस्क व्हॅली लाइनने ये. बॅटर्स्बीला ट्रेन उलट्या दिशेने निघते, घाबरू नकोस. कॅसलटन मूरला उतर. स्टेशन दरीच्या तळाशी आहे, गाव वर, म्हणजे चढ फलाटाबाहेरच सुरू होतो. तिथून राल्फ क्रॉस (राष्ट्रीय उद्यानाच्या चिन्हावर आहे तोच दगडी क्रूस), मग ब्लेकी रिजच्या कण्यावरून हटन-ले-होल. साधारण २० किलोमीटर, माथा चारशे मीटरच्या थोडा वर. या पट्ट्यात तुझी दोन स्टेशनं म्हणजे मागे कॅसलटन मूर आणि पुढे खाली माल्टन. मुक्काम पिकरिंगला कर, पण ए१७० या हमरस्त्यावरून जाऊ नकोस, लॅस्टिंगहॅम आणि क्रॉप्टनच्या अरुंद रस्त्यांनी जा. पिकरिंगला स्टेशन दिसेल. ते जुन्या वाफेच्या गाड्यांच्या रेल्वेचं आहे, ते मोजायचं नाही. दुसऱ्या दिवशी डाल्बीच्या जंगलातून हॅकनेस आणि स्कारबरो, तेव्हा माल्टन आणि स्कारबरो हातात. तिसऱ्या दिवशी सिंडर ट्रॅकने व्हिटबी, तेव्हा स्कारबरो आणि व्हिटबी.

सिंडर ट्रॅक म्हणजे १८८५ मध्ये सुरू झालेल्या आणि १९६५ मध्ये बंद पडलेल्या रेल्वेची वाट. रुळांखाली खडीऐवजी कोळशाची राख घातली होती, म्हणून हे नाव. लांबी सुमारे ३४ किलोमीटर आणि जवळजवळ मधोमध रेव्हन्सकार. दोन्हीकडून तिथे चढच आहे, पण वाफेच्या इंजिनासाठी आखलेला, म्हणजे अडीच टक्क्यांच्या आसपास. तो लांबतो, पण मोडत नाही. पाऊस पडून गेला असेल तर काळी बारीक कच चेनमध्ये जाते आणि ब्रेकच्या रबरात रुतते. संध्याकाळी चेन कोरड्या फडक्याने पूस, मग दर कडीवर तेलाचा एक थेंब, आणि वरचं तेल पुन्हा पुसून टाक. पुसलं नाहीस तर तेच तेल दुसऱ्या दिवशी कच धरून ठेवतं.

सिंहगडाचा रस्ता चढलेय, असं तू लिहितेस. चांगलंय, पण तो लांबलचक, वळणं घेत जाणारा चढ आहे. इथले चढ आखूड आणि उभे. ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशात रस्त्यावर बाणाची खूण असते, तिचं टोक उताराकडे. एक बाण म्हणजे १४ ते २० टक्के, दोन बाण म्हणजे २० च्या वर. हिशेब कर: तू, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो धर. २० टक्के चढावर ताशी ४ किलोमीटरने जायला सुमारे १८० वॅट लागतात. रोझडेल चिमनी बँक हा इथला चढ ३३ टक्के आहे, तिथे त्याच वेगाला २९० च्या वर. सामानासकट ते चढत बसू नकोस. दोन बाण दिसले की उतरून चालायचं आणि वेळापत्रकात तो वेळ आधीच धरायचा. चालण्यात कमीपणा नाही, ट्रेन चुकण्यात आहे.

नवी सायकल नको. तुझ्या हायब्रिड सायकलला पुढे पेडलपाशी २८ दात्यांची छोटी चेनरिंग (दातेरी चकती) आणि मागच्या चाकाला ३२ ची मोठी स्प्रॉकेट (मागची दातेरी चकती) असेल, तर ताशी ४ ला पेडल मिनिटाला जेमतेम ३५ वेळा फिरेल आणि गुडघे बोलू लागतील. पेडलच्या दांड्याला (क्रँकला) चकत्या रिव्हेटने कायमच्या ठोकलेल्या नसतील तर पुढची छोटी चेनरिंग २४ ची घाल, मागे ११ ते ३४ दात्यांची कॅसेट (स्प्रॉकेटचा संच). मग तेच सुमारे ४३ वेळा फिरतं. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ३४ दाते पेलतो का ते दुकानात विचार. कॅसेट वाढवल्यावर जुनी चेन तोकडी पडू शकते. चेन पुढे मोठ्या चकतीवर आणि मागेही मोठ्या चकतीवर टाकून हाताने पेडल फिरव. डिरेलर ताणून आडवा झाला तर चेन लांब हवी. हे निघण्याच्या आदल्या रात्री करायचं काम नाही, दोन आठवडे आधी कर.

ब्रेकचं ऐक. लोक चढाला भितात, पण घात करतो उतार. रबराचे ब्रेक उतारभर हलके दाबून ठेवलेस तर रिम तापत जाते, रबर चकचकीत होऊन पकड सोडतं, आणि फार तापली तर ट्यूब फुटते. सरळ तुकड्यात थोडा वेग घे, वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाब, मग पूर्ण सोड. लांब उतारावर मध्ये थांबून रिम गार होऊ दे. निघण्याआधी ब्रेकच्या रबरावरची झिजण्याची खूण बघ, आणि त्यात रुतलेले खडे टाचणीने काढ.

सामान १२ किलोच्या आत. सगळं मागे लादलंस तर उभ्या चढावर पुढचं चाक उचलतं आणि हँडल डुलतं. निम्मं पुढच्या चाकाशी खाली लाव. सामानाच्या रॅकचे एम५ (५ मिलिमीटर जाडीचे) बोल्ट रोज सकाळी चावीने तपास, दोन जादा ठेव. ते खडबडीत वाटेवर सैल होतात, आणि एक पडला की दुसऱ्यावर सगळा भार येऊन तो तुटतो. मागच्या चाकाचे, चेनच्या बाजूचे स्पोक आधी तुटतात. नेमक्या त्याच लांबीचे दोन फ्रेमला चिकटवून ने, पण ते बसवायला कॅसेट काढावी लागते, म्हणून तात्पुरता दोरीचा स्पोकही जवळ असू दे. टायर ४० मिलिमीटर, हवा मागे ४५ पीएसआय, पुढे ३८.

ऑगस्टमध्ये हीदर नावाचं बुटकं झुडूप फुलतं आणि माथा जांभळा होतो. ते बघायला कारची रांग लागते, रस्त्याकडेच्या हीदरवर चाकं चढवून माणसं गाड्या लावतात, आणि कुंपण नसलेल्या रस्त्यांवर मेंढ्या गाड्यांखाली मरतात. हा प्रदेश १९५२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, आणि त्याला जपणं हे पाटीवर लिहून होत नाही. मला हट्टी म्हणतात. या हट्टापायी बरोबर येणारी माणसं कमी झाली, त्याची रुखरुख आहे. हट्ट सोडलेला नाही, कारण जो माणूस कारने येतो त्याला वाटेतला एकही चढ कळत नाही, आणि चढ कळला नाही तर ही जमीन कशी वाहते, कुठे भिजते, वारा कुठून येतो, काहीच कळत नाही. तुझ्या मित्राला हे वाचून दाखव, हवं तर.

कायदाही समजून घे. इथे फूटपाथ म्हणजे फक्त पायी चालायची रानवाट, तिच्यावर सायकल नाही. ब्रायडलवेवर (घोड्यांनाही मोकळ्या वाटेवर) आहे, १९६८ च्या कायद्याने, पण चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची. नकाशावर मोकळा दाखवलेला माळ पायी फिरणाऱ्यांसाठी मोकळा आहे, सायकलसाठी नाही. चिखलाचं डबकं आलं तर त्यातूनच जा. कडेने गेलीस तर वाट रुंदावते आणि पीटची (कुजलेल्या वनस्पतींची दलदली) माती उघडी पडते. १२ ऑगस्टपासून ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, बंदुकांचे आवाज येतील. तिथली माणसं थांब म्हणाली तर थांब. मालकाच्या परवानगीशिवाय माळावर तंबू ठोकता येत नाही, मुक्काम आधी ठरव.

कॅटल ग्रिड (गुरं अडवायला रस्त्यात बसवलेल्या लोखंडी दांड्यांची जाळी) सरळ ओलांड. ओल्या दांड्यांवर ब्रेक नाही, वळणं नाही. ओढा रस्त्यावरून वाहत असेल तर खालचं काँक्रीट शेवाळलेलं असतं, उतरून शेजारच्या साकवावरून जा. संध्याकाळी मेंढ्या उबदार डांबरावर बसून राहतात. समुद्राकडून धुकं आलं की काही मिनिटांत समोरचं दिसेनासं होतं, तेव्हा मागचा लाल दिवा दिवसाही लाव. आणि रात्री गुडघ्यामागे, काखेत गोचीड शोध. दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढ, पिळू नकोस.

शेवटी ट्रेन. एस्क व्हॅली लाइनवर दिवसात मोजक्याच गाड्या. सायकली सहसा दोनच घेतात, त्याही पहिल्या येणाऱ्याच्या. व्हिटबीला अर्धा तास आधी फलाटावर ये. जागा नाही मिळाली तर भांडत बसू नकोस. पुढची किती तासांनी आहे ते बघ. उजेड आणि पायात दम शिल्लक असेल तर सिंडर ट्रॅकने स्कारबरोला परत जा, नाहीतर व्हिटबीतच रात्र काढ. स्कारबरोहून यॉर्कच्या ट्रेन बऱ्याच आहेत, सायकलची जागा राखून ठेवता येते. ऑगस्टअखेरच्या बँक हॉलिडेचे (सार्वजनिक सुट्टीचे) तीन दिवस मात्र अजिबात निवडू नकोस.

तिन्ही दिवसांच्या गाड्यांच्या वेळा कागदावर उतरव आणि त्याचा फोटो मला पाठव. स्टेशनं मी तपासून देतो.

तुझा काका