वाचक विचारतात : शहाणा कोकणी आणि बाकीचे जग

प्रश्न : आमच्या वाडीत गणपतीत शक्ती-तुऱ्याचा, म्हणजे शक्तीवाले आणि तुरेवाले या दोन पक्षांच्या सवाल-जवाबी गाण्यांचा, सामना झाला. त्यात तुरेवाल्या शाहिरांनी एका गाजलेल्या चालीवर देशोदेशींच्या लोकांची टर उडवणारे गाणे म्हटले. जपानी घड्याळ बंद पडले म्हणून रडतो, इंग्रज भर पावसात रांग मोडत नाही आणि ‘सगळ्यांत शहाणा आमचा कोकणी’ हे पालुपद. शेवटच्या कडव्यात हाच शहाणा वीतभर बांधासाठी सख्ख्या भावाशी तीस वर्षे कोर्टात भांडतो. मांडवात हशा पिकला. परंतु पहिल्या दोन कडव्यांचा तुकडा मोबाइलवरून मुंबईला गेला आणि ‘हा दुसऱ्या देशांचा अपमान आहे’ असे चाकरमान्यांचे फोन येऊ लागले. चूक गाण्याची की ऐकणाऱ्यांची?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : आपल्या शाहिरांच्या वाट्याला आले ते नोएल कॉवर्ड या नामवंत इंग्रज नाटककाराच्याही वाट्याला आले होते. 1943 साली, महायुद्ध ऐन भरात असताना, त्याने ‘विजयानंतर जर्मनांशी फार कठोर वागू नका’ अशी आर्जवे करणारे एक गाणे रचले. रोख जर्मनांइतकाच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, शत्रूविषयी भलताच कळवळा बाळगणाऱ्या इंग्रजांवर होता. चर्चिल यांना ते आवडले. बीबीसीच्या अनेक श्रोत्यांनी मात्र ते शब्दशः घेऊन तक्रारी केल्या आणि बीबीसीने ते वाजवणे बंद केले. या श्रोत्यांना अरसिक ठरवणे मला पटत नाही. ज्यांच्या शहरांवर जर्मन बाँब पडले होते, त्यांनी रेडिओवर, गाणाऱ्याचा चेहरा न दिसता, एवढी गोड भाषा ऐकल्यावर उपरोध ओळखावाच, ही अपेक्षा जरा जास्तच होती.

याउलट मायकेल फ्लँडर्स आणि डोनाल्ड स्वान ही जोडी 1960च्या दशकात रंगमंचावरून ‘इंग्रजच सर्वश्रेष्ठ’ अशा आशयाचे गाणे म्हणत असे. त्यात स्कॉटिश, आयरिश, वेल्श यांची यथेच्छ निंदा आहे. परदेशी लोकांवरचा एक आरोप तर असा की, ते खेळाचा आधी सराव करतात आणि सगळी मजा घालवतात! आरोप करणाराच येथे उघडा पडतो. शिवाय फ्लँडर्स गाण्याआधी प्रेक्षकांशी बोलून घेत असे, त्यामुळे फुशारकी कुणाची आणि हसायचे कुणाला, हे सभागृहाला आधीच उमगलेले असे.

जाखडीत, म्हणजे शक्ती-तुऱ्याच्या या नाच-गाण्यात, हे काम मांडवच करतो. मधोमध बसलेले शाहीर, भोवती घुंगरू बांधून फेर धरणारे बाल्ये आणि समोर जवाबासाठी टपून बसलेले शक्तीवाले. तेथे टोमणा टोमणा म्हणूनच ऐकला जातो. मुंबईला गेलेल्या तुकड्यात मांडव नव्हता, आणि बांधाचे कडवे तर नव्हतेच. ते कडवे गळाले की उपहास सरतो आणि उरते ती निव्वळ फुशारकी, म्हणून फोन करणाऱ्यांना मी दोष देणार नाही.

शाहिरांविषयी माझी तक्रार वेगळीच आहे. घड्याळ आणि रांग हे विनोद कुणीही, कुठेही बसून रचले असते. बांधाचे कडवे मात्र तारखांसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्या माणसालाच सुचते. ते गाण्याच्या आरंभी घ्यावे, म्हणजे तुकडा कुठूनही कापला तरी भाऊबंदकीतला हा शहाणा आधी भेटेल. आणि ज्यांनी फोन केले त्यांना पूर्ण गाणे पाठवावे. त्यांच्यापैकी निम्म्यांचा तरी गावाकडे बांधाचा दावा चालू असेलच.