मॉर्मन मिशनरी पोरं दिवसभर नेमकं काय करतात, आणि दोन वर्षांत ती खरंच बदलतात का?

तुम्ही विचारलंय की सॉल्ट लेक सिटीत नुकतेच राहायला आलात, पांढरा शर्ट-टाय घातलेली दोन कोवळी पोरं सारखी बेल वाजवतात, तर ही दिवसभर करतात काय, यातून त्यांच्या पदरात काय पडतं, आणि त्यांना उत्तर काय द्यायचं.

आधीच सांगते, मी मॉर्मन, म्हणजे इथे युटा राज्यात मोठा पगडा असलेल्या त्या ख्रिस्ती पंथाची, नाही. लग्नानंतर पुण्याहून इकडे आले आणि आता सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला लीहाय गावात राहते. आमच्या गल्लीत आम्ही आणि आणखी एखाददुसरं घर सोडलं तर सगळे त्याच चर्चचे. शेजारचा मोठा मुलगा ब्राझीलला मिशन (घर सोडून चर्चच्या प्रसाराला जायचं, त्याला मिशन म्हणतात) करून आला, त्याची बहीण आता निघायच्या तयारीत आहे, आणि माझ्या टीममधला एक जण चक्क विशाखापट्टणमला होता. त्यामुळे लिहितेय ते सगळं शेजारधर्मातून आणि ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावरून गोळा केलेलं. (‘मॉर्मन’ हा शब्द त्यांना स्वतःला आता फारसा आवडत नाही. २०१८ मध्ये त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे पूर्ण नावच वापरा असं सांगितलं. मी सोयीसाठी जुनंच वापरतेय.)

मुलगे अठराव्या वर्षापासून जाऊ शकतात, दोन वर्षांसाठी. मुली दीड वर्षासाठी. मुलींना २०१२ पर्यंत एकवीस पूर्ण व्हावी लागायची, तेव्हा ती अट एकोणीसवर आणली आणि मुलींची संख्या एकदम वाढली. २०२५ मध्ये ती मुलांसारखीच अठरावर आली. कुठे जायचं हे आपण ठरवायचं नाही. अर्ज करायचा आणि वाट बघायची. पूर्वी घरी मोठं पांढरं पाकीट यायचं, आता ऑनलाइन येतं, पण सगळ्या नातेवाइकांना जमवून ते मोठ्यानं वाचायची पद्धत तशीच आहे. आम्हालाही बोलावलं होतं. मुलगा ‘ब्राझील’ म्हणाला आणि त्याच्या आजीनं टाळ्या वाजवल्या, कारण आजोबाही तरुणपणी तिकडेच गेले होते. पगार नाही. उलट घरच्यांनीच महिन्याला पैसे भरायचे. अमेरिकेतल्या घरांसाठी ही रक्कम २०२० पासून ५०० डॉलर आहे, मग मुलगा महागड्या जपानमध्ये जावो नाहीतर स्वस्त देशात. बरीच मुलं शाळेत असल्यापासून गवत कापून, पिझ्झा पोचवून यासाठी पैसे साठवतात.

मग युटातल्याच प्रोव्हो शहरातल्या किंवा दुसऱ्या एखाद्या ट्रेनिंग सेंटरमध्ये काही आठवडे. नवी भाषा शिकायची असेल तर जास्त. तिथून थेट मैदानात.

दिवस साडेसहाला सुरू. अर्धा तास व्यायाम, आंघोळ, नाश्ता, मग एकट्यानं धर्मग्रंथ वाचन, मग दोघांनी मिळून अभ्यास, परदेशात असाल तर भाषेचा तास. दहाच्या सुमारास बाहेर. मग रात्री नऊ-साडेनऊपर्यंत चालणं, सायकल, बस, ज्यांनी भेटायची तयारी दाखवली असेल त्यांच्याकडे जाणं, कुणाचं घर हलवायला मदत, कुणाच्या अंगणातला बर्फ काढणं. साडेदहाला दिवे बंद. अलीकडे वेळापत्रकात थोडी ढील दिली आहे, पण सांगाडा हाच. सिनेमा नाही, नेहमीची गाणी नाहीत, प्रेमप्रकरण तर नाहीच नाही. चहा-कॉफी, दारू, तंबाखू मुळातच वर्ज्य. फोन हल्ली मिळतो, तो कामापुरता. आठवड्यातला एक दिवस, बहुतेक ठिकाणी सोमवार, कपडे धुवायला, किराणा आणायला, केस कापायला आणि घरी बोलायला. २०१९ पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, नाताळ आणि मदर्स डे. आता दर आठवड्याला व्हिडिओ कॉल चालतो. शेजारीण म्हणते, तिच्या भावाच्या वेळी आईनं वर्षभर नुसत्या पत्रांवर काढलं होतं.

इथपर्यंतचं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. मला विचाराल तर मिशनचा खरा गाभा यात नाही. बाहेरच्या माणसाला वाटतं की सगळ्यात अवघड असणार ते लोकांचं ‘नको’ ऐकणं. शेजारचा मुलगा म्हणतो की ते महिन्या-दोन महिन्यांत अंगवळणी पडतं. ब्राझीलच्या उन्हात दिवसभर फिरून एकाही घरानं आत घेतलं नाही असे दिवस त्याच्या वाट्याला भरपूर आले. पण दार लागलं की संपलं, पुढचं दार. नकार पचवायची ही सवय पुढे धंद्यातही कामाला येते. युटामध्ये उन्हाळा आला की पेस्ट कंट्रोल, घराचे अलार्म, सोलर पॅनल विकणाऱ्या कंपन्या मिशन करून आलेल्या मुलांवर तुटून पडतात. आपल्याकडे दारावर आलेल्या सेल्समनला आपण जसं वाटेला लावतो तसं यांना लावून बघा, हसून ‘हॅव अ ग्रेट डे’ म्हणतात. हे कौशल्य आहे, नाही म्हणत नाही. पण त्याला मी माणूस बदलला असं म्हणणार नाही.

अवघड असतो तो जोडीदार. त्याला कंपॅनियन म्हणतात. मिशनरी कधीच एकटा नसतो. एकाच खोलीत झोपायचं (पलंग वेगळे), एकत्र खायचं, एकत्र बाहेर पडायचं, आणि बाथरूम सोडलं तर सतत एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहायचं. जोडीदार तुम्ही निवडत नाही, त्या भागाचे मिशन प्रेसिडेंट ठरवतात. हे म्हणजे पत्रिका न बघता लावलेलं लग्न, फक्त साधारण दर सहा आठवड्यांनी बदली होते, तेव्हा सुटका होऊ शकते. होतेच असं नाही. आणखी सहा आठवडे त्याच माणसाबरोबर काढ, असंही सांगतात.

आमच्या या शेजारच्या पोराला घरी स्वतःची खोली, स्वतःचं बाथरूम. आईनं घड्या घातलेले कपडे कपाटात. त्याचा तिथला पहिला जोडीदार ईशान्य ब्राझीलचा, मोठ्या कुटुंबातला, बनियन-मोजे सिमेंटच्या टाकीवर घासून धुणारा. याला कपडे हातानं धुता येत नव्हते, त्याला इंग्रजी येत नव्हतं. याला पंखा लागायचा, त्याला पंख्यानं सर्दी व्हायची. तो पहाटे गुणगुणत उठायचा. ‘त्या गुणगुणण्यावरून मी खून केला असता,’ हे त्याचे शब्द. आणि तिथून उठून जायचीही सोय नाही. रागावून फेरी मारायला निघालात तर नियमानं दुसऱ्यानं तुमच्या मागे यायचंच.

यावर त्यांच्याकडे एक रीत आहे, ती मला फार आवडली. आठवड्याचं नियोजन झालं की दोघांनी समोरासमोर बसायचं आणि एकमेकांना सांगायचं: तुझं हे मला चांगलं वाटलं, हे खटकलं, माझं काय चुकतंय ते तू सांग. आधी प्रार्थना, मग हे. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांनी, मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये! पहिले काही आठवडे दोघंही ‘सगळं ठीक आहे’ म्हणून वेळ मारून न्यायचे. मग एकदा त्या ब्राझिलियननं शांतपणे सांगितलं की तू जेवण झाल्यावर ताट तिथेच ठेवून उठतोस, मी तुझी आई आहे का? याला ते इतकं लागलं की आजही आमच्याकडे जेवायला आला की पहिला उठून भांडी घासायला लागतो. मी ‘राहू दे रे’ म्हटलं तरी ऐकत नाही. कुकरची शिटीसकट सगळी जोडणी त्यानं स्वतःहून समजून घेतली आहे. माझ्या नवऱ्याला अजून ती नीट येत नाही.

विशाखापट्टणमवाल्याची कथा वेगळी. तो सांगतो, आम्ही तिथे दारोदार फिरायचो नाही, ओळखीतून कुणी बोलावलं तरच जायचो. आणि भारतात तोंडावर ‘नको’ कुणी म्हणतच नाही. बसवतात, खायला घालतात, सगळं ऐकून घेतात, मान हलवतात, ‘परत या’ म्हणतात. ते ‘परत या’ म्हणजे नाही, हे कळायला त्याला बराच काळ लागला, आणि तेही समजावलं त्याच्या आंध्रच्या जोडीदारानं. त्याच मुलानं त्याला हातानं कालवून जेवायला शिकवलं. हा आता ऑफिसात आवकाय लोणचं आणि भात हातानं खातो आणि आम्हा भारतीयांना चमचे वापरतो म्हणून हसतो. भारतात त्यांचं चर्च लहान आहे, पण अगदी नगण्यही नाही. हैदराबादला २०१२ मध्ये त्यांचा देशातला पहिला ‘स्टेक’, म्हणजे अनेक स्थानिक मंडळ्यांचा एक विभाग, स्थापन झाला. बेंगळुरूला त्यांचं मंदिर (‘टेम्पल’) बांधणार असं २०१८ मध्ये जाहीर झालं. तो बेंगळुरूचा विषय निघाला की याचे डोळे चमकतात.

आता दुसरी बाजू. मुलग्यांच्या बाबतीत ही ‘निवड’ आहे असं म्हणणं मला जड जातं. मिशन हे मुलाचं कर्तव्य मानलं जातं, मुलींना मोकळीक आहे. अख्खी गल्ली, शाळेतले मित्र, मामा-काका सगळे जाऊन आलेले असताना ‘मी नाही जात’ म्हणायला जी हिंमत लागते ती जायला लागणाऱ्या हिंमतीपेक्षा जास्त असावी. आणि मधूनच परत येणाऱ्यांचं तर विचारू नका. आमच्याच भागातला एक मुलगा सहा-सात महिन्यांत आला. झोप उडाली होती, रडू यायचं. तब्येतीमुळे आला हे सगळ्यांना माहीत, तरी रविवारी चर्चमधून येताना लोक आवाज खाली आणून बोलायचे. घरी राहून समाजसेवेचं मिशन करायचा मार्ग आता आहे, त्यानं तो घेतला, फूड बँकेत खोकी उचलायचा. मला विचाराल तर त्याची वाढ त्या गुणगुणणाऱ्यापेक्षा आणि पंखेवाल्यापेक्षा कमी झाली नाही. पण विमानतळावर फुगे आणि फलक घेऊन त्याच्यासाठी कुणी गेलं नव्हतं. दोन वर्षं पूर्ण करून येणाऱ्यांसाठी अख्खं खानदान जातं.

दोन वर्षं करून आलेलेही लगेच ताळ्यावर येतात असं नाही. स्थानिक पुढाऱ्यानं अधिकृतपणे मोकळं करेपर्यंत मिशनचे नियम लागू असतात, म्हणून आमचा तो ब्राझीलवाला शेजारचा मुलगा आल्या संध्याकाळी छातीवरची नावाची काळी पट्टी लावूनच बसला होता. ती काढल्यावर महिनाभर त्याला एकटं दुकानात जाता येईना. गाडीत बसला की शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघायचा. धाकटा भाऊ सोबत न्यायचा, कशाला म्हणून विचारलं तर सांगता यायचं नाही.

राहता राहिलं, तुम्ही काय करायचं. नको असेल तर पहिल्याच वेळी सरळ ‘नको, रस नाही’ म्हणा, आपलं ते ‘बघू, नंतर या’ नको. ते खरंच नंतर येतात. पाणी विचारा, उन्हाळ्यात तर नक्कीच. चहा टाकू नका. मी कोकम सरबत देते, पहिला घोट घेताना चेहरे बघण्यासारखे होतात, मग दुसरा ग्लास मागतात. तुमच्या घरात एकटी बाई असेल तर ती पोरं उंबऱ्याच्या आत येणार नाहीत, तो त्यांचा नियम आहे, उद्धटपणा समजू नका. आणि तुम्ही नवीन आला आहात, सोफा-पलंग अजून चढवायचे असतील तर बिनधास्त सांगा. धर्माबद्दल बोलायचं नाही असं आधी सांगितलंत तरी येतात, टाय खांद्यावर टाकून फ्रीजसुद्धा तिसऱ्या मजल्यावर नेतात.